मातीला विचारल्याशिवाय खड्डा नको

२ ऑक्टोबर २०१९ रोजी ग्रामीण भारत हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. शौचालये मोजली गेली. त्यांतले पाणी जमिनीत कोठे जाते, हा प्रश्न मात्र घोषणेच्या झगमगाटात दडपला गेला.

सेप्टिक टाकीत गाळ तेवढा तळाशी बसतो. जंतू घेऊन बाहेर पडणारे पाणी शुद्ध करावयाचे ते मातीने. कोकणातल्या सच्छिद्र जांभ्यातून ते पुरेसे न गाळता विहिरीत उतरू शकते. विदर्भ-मराठवाड्यातली काळी माती भिजली की फुगते आणि पाणी रिचवीत नाही. मग एकच सरकारी आराखडा सर्वत्र कसा चालावा?

परीक्षा अवघड नाही. खड्डा खणून रात्रभर भिजवावा आणि दुसऱ्या दिवशी पाणी २५ मिलिमीटर उतरण्यास किती वेळ लागतो ते पाहावे. ६० मिनिटांहून अधिक लागल्यास तेथे शोषखड्डा व्यर्थ समजावा. भूजलाची पातळी मात्र उन्हाळ्यात नव्हे, भर पावसाळ्यात मोजावी. खड्ड्याचा तळ तिच्या बराच वर राहिला पाहिजे.

'ज्याचे त्याने पाहावे' म्हणणाऱ्यांना आमचे उत्तर स्पष्ट आहे. सधन माणूस घरात शुद्धीकरण यंत्र बसवील. शेतमजुराचे कुटुंब त्याच विहिरीचे पाणी पिईल. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. भूजल कुंपण ओळखत नाही. म्हणून खणण्यापूर्वीची ही परीक्षा सार्वजनिक खर्चानेच झाली पाहिजे. साथींनी येत्या ग्रामसभेत हा ठराव मांडावा.