पिंपळी, पेप्पर आणि पुरावा

काळ्या मिरीला इंग्रजीत ‘पेप्पर’, इटालियनमध्ये ‘पेपे’, फ्रेंचमध्ये ‘प्वाव्र’, तर जर्मनमध्ये ‘प्फेफर’ म्हणतात. ही सारी लॅटिन ‘पिपेर’ची अपत्ये. लॅटिनने हा शब्द ग्रीक ‘पेपेरि’वरून घेतला आणि ग्रीकांकडे तो संस्कृत ‘पिप्पली’वरून, बहुधा इराणी भाषांच्या वाटेने, पोहोचला. पिप्पली म्हणजे आपली पिंपळी. नाव गेले पिंपळीचे आणि चिकटले मिरीला!

विद्यार्थी मित्रहो, असे काही वाचले की आपली छाती फुगते. मग दिसेल त्या युरोपीय शब्दाला संस्कृत मूळ जोडण्याचा मोह होतो. शाळांच्या भित्तिपत्रकांवर अशा शब्दांच्या याद्या आढळतात. माझे स्पष्ट मत असे आहे की, विज्ञानाच्या विद्यार्थ्याने या याद्या प्रयोगाच्या निष्कर्षांइतक्याच कसोशीने तपासाव्यात. नुसते साम्य हा पुरावा नव्हे. ‘बदनाम’मधला फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचा अर्थ एकच, उच्चारही जवळचा. तरीही त्यांचे काही नाते नाही. तो निव्वळ योगायोग आहे.

मग पुरावा कशाला म्हणायचे? जर्मन ‘प्फेफर’ पहा. इंग्रजी ‘पाइप’ला जर्मनमध्ये ‘प्फाइफ’, ‘पौंड’ला ‘प्फुंट’ आणि ‘शिप’ला ‘शिफ’ म्हणतात. म्हणजे शब्दारंभीच्या ‘प’चा ‘प्फ’ होतो आणि स्वरानंतरच्या ‘प’चा ‘फ’. ‘प्फेफर’मध्ये हे दोन्ही बदल जागच्या जागी आहेत. परीकथा जमवणाऱ्या ग्रिम बंधूंपैकी थोरला याकोब याने १८२२ मध्ये असे ध्वनिबदलांचे नियम मांडले.

नियम हाती आला की कालमापनही करता येते. हा बदल साधारण पाचव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान घडला. अर्थात मिरीचे नाव जर्मनांकडे त्यापूर्वीच गेलेले असले पाहिजे. उलट कागदाला जर्मन शब्द आहे ‘पापीर’. त्यातला ‘प’ शाबूत आहे, कारण तो शब्द मागाहून आला. ‘पाप्रिका’चेही तसेच. मिरची मूळची अमेरिकेतली; कोलंबसच्या १४९२ च्या सफरीनंतरच ती युरोपात आली. दक्षिण स्लाव्ह भाषांतील मिरीच्या ‘पापर’ या नावावरून तिला ‘पाप्रिका’ नाव पडले. जर्मनमधले ‘प्फेफर’ आणि ‘पाप्रिका’ एकाच कुळातले, पण खडकांच्या थरांप्रमाणे वेगवेगळ्या काळांतले.

नियम जसा स्वीकारतो, तसा नाकारतोही. स्पॅनिशमध्ये मिरीला ‘पिमिएंता’ म्हणतात. अर्थ तोच, आरंभी ‘प’ही आहे, पण ‘र’ कोठे गेला आणि ‘म’ कोठून आला, याचा हिशेब लागत नाही. हा शब्द मुळी लॅटिन ‘पिग्मेंटुम’, म्हणजे रंगद्रव्य, यावरून आलेला आहे.

दुसरी कसोटी इतिहासाची. शब्दाला प्रवासाची वाट हवी. मलबारच्या बंदरांतून मिरी रोमन साम्राज्यात जात असे. इ.स. ७७ च्या सुमारास प्लिनीने रोमन पौंडाचे भाव नोंदवले आहेत: पिंपळी १५ दिनारियस, काळी मिरी ४. दोन्ही मसाले एकाच ‘पिपेर’ नावाने विकले जात, म्हणूनच नाव एकावरून दुसऱ्यावर सरकू शकले. पुढे इ.स. ४०८ मध्ये अलारिकने रोमला वेढा घातला, तेव्हा मागितलेल्या खंडणीत ३,००० पौंड मिरीही होती.

या कसोट्या आपल्याही भाषांना लावाव्यात. आल्याचे लॅटिन नाव ‘झिंगिबेर’. त्याचे नाते संस्कृत ‘शृंगवेर’शी जुळते. आल्याचा आकार शिंगासारखा, म्हणून ‘शृंग’, असे आपण सहज म्हणू. परंतु तमिळमध्ये आल्याला ‘इंजी’ म्हणतात, तर ‘वेर’ म्हणजे मूळ. संस्कृत शब्द याच द्राविडी रूपावरून घडला आणि शिंगाचा अर्थ मागाहून बसवला गेला, असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. हे मान्य केल्याने संस्कृतला उणेपणा येत नाही.

शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्षातून एक तास भाषेच्या व विज्ञानाच्या शिक्षकांनी मिळून घ्यावा. फळ्यावर एका मसाल्याची आठ-दहा भाषांतली नावे लिहावीत. कोणती नावे नात्यातली आणि कोणती परकी, हे मुलांनी कारणे देऊन ठरवावे. निरीक्षण, नियम आणि अपवाद हे सर्व त्यांना त्या एका तासात, कोणत्याही उपकरणाविना, पाहायला मिळेल.