डोहातला राक्षस की नुसताच मासा?

दोस्तांनो, गावाला नदी असली की तिथे एखादा डोह असतोच, आणि डोह असला की त्याची गोष्टही असते. "तिकडे उतरू नका रे, आसरा ओढून नेतात," असं आजीने तुम्हालाही कधीतरी बजावलं असेल. आजीचा हेतू चांगलाच असतो बरं का! आसरा असोत वा नसोत, डोह खोल असतो आणि भोवऱ्यात सापडलं तर भल्याभल्या पोहणाऱ्यांचं काही चालत नाही.

पण समजा, एखाद्या ठिकाणी खरोखरच माणसं पाण्यात ओढली गेली, असं लोक सांगू लागले तर? खरं-खोटं शोधायचं कसं? गावकऱ्यांना विचारून? पाण्यात बुडी मारून? की सरळ गळ टाकून?

हे तिन्ही उद्योग करणारा एक माणूस आहे. त्याचं नाव जेरेमी वेड. आता आडनावच 'वेड' म्हटल्यावर काय बोलायचं! इंग्लंडमधला हा गृहस्थ प्राणिशास्त्र शिकला, काही काळ शाळेत जीवशास्त्राचा मास्तर होता, पण जीव सगळा नद्यांत. १९८२ साली तो पहिल्यांदा भारतात आला तोही महाशीर मासा पकडायला. पुढे २००९ मध्ये 'अ‍ॅनिमल प्लॅनेट' वाहिनीवर त्याची 'रिव्हर मॉन्स्टर्स', म्हणजे 'नदीतले राक्षस', ही मालिका सुरू झाली. २०१७ मध्ये ती संपली, पण तुमच्या आईबाबांनी ती नक्की पाहिली असेल. विचारून बघा.

प्रत्येक भाग म्हणजे एक पोलीस-तपासच. आधी अफवा. मग साक्षीदार. मग संशयितांची यादी. शेवटी वेडसाहेब गळ टाकून बसणार आणि आरोपीला पाण्याबाहेर आणणार! जमेल तेव्हा त्या आरोपीला पुन्हा पाण्यात सोडूनही देणार.

त्यातला एक तपास तर आपल्याच देशातला. उत्तराखंड आणि नेपाळ यांच्या सीमेवरून काली नदी वाहते. १९९८ ते २००७ या काळात तिच्या काठच्या गावांतली काही तरुण मुलं पोहताना पाण्याखाली ओढली गेली आणि परत दिसली नाहीत, असं गावकरी सांगत होते. मगर असेल का? भोवरा असेल का? वेड तिथे गेला, लोकांशी बोलला, पाण्याखाली उतरून त्याने पाहिलं. त्याला तिथे दिसले गूंच मासे. आपल्याकडच्या शिंगाळ्यासारखा हाही मिशावाला मासा, पण केवढा! रुंद चपटं डोकं, दगडाच्या रंगाचं अंग, तोंडात अणकुचीदार दात. वाहत्या पाण्यात तळाशी दबा धरून बसायचं आणि जवळून जाणारा मासा गट्ट करायचा, हा त्याचा शिरस्ता. वेडच्या गळाला लागलेला गूंच सुमारे सहा फुटांचा होता आणि त्याचं वजन सत्तर किलोंच्या वर भरलं. म्हणजे तुमच्या बाबांएवढा!

काठावर स्मशानघाट आहेत. चितेतून उरलेले अर्धवट जळालेले अवशेष नदीत जातात, त्यावर हे मासे पोसले आणि त्यांना माणसाच्या मांसाची चटक लागली, असा कयास त्या भागात मांडला होता. ऐकताना अंगावर काटा येतो ना? पण इथे जरा थांबा. मासा मोठा आहे, एवढंच गळाने सिद्ध झालं. त्यानेच त्या मुलांना ओढलं, हे कुणी डोळ्यांनी पाहिलेलं नाही. कयास म्हणजे पुरावा नव्हे. ज्या घरातला मुलगा गेला, त्या घराला कुणीतरी दोषी हवा असतो आणि ते आपण समजू शकतो. परंतु म्हणून माशाला फासावर चढवायचं का?

आणि हो, या गूंचाचे भाऊबंद आपल्याही नद्यांतले. कर्नल साइक्स नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने दख्खनमधल्या माशांचं वर्णन १८३९ साली छापलं. त्यात गूंचाच्या एका जातीची शास्त्रीय नोंद पहिल्यांदा झाली, ती कुठल्या नदीवरून माहीत आहे? पुण्याच्या मुळा-मुठेवरून! आज शहराचं सांडपाणी वाहून नेणाऱ्या त्या पात्राकडे पुलावरून बघा, म्हणजे या नोंदीचं महत्त्व कळेल.

राक्षस म्हटलं की पुढे काय होतं, ते अमेरिकेतल्या अ‍ॅलिगेटर गारच्या बाबतीत दिसलं. लांबट जबडा, दातांच्या ओळी, अंगावर चिलखतासारखे कठीण खवले, अगदी सुसरीचा धाकटा भाऊच म्हणा! हा माणसांवर हल्ला करतो आणि गळाने धरायचे चांगले मासे खाऊन टाकतो, असा त्याचा बोभाटा झाला. मग काय, दिसला की मारा! टेक्सासमध्ये १९३० च्या दशकात तर गार मारण्यासाठी पाण्यात वीज सोडणारी खास बोट बनवली होती. सरकारी खर्चाने, बरं का! वेडने या माशाचाही तपास केला, आणि माणसं खाण्याच्या आरोपातून तो निर्दोष सुटला. त्याच २००९ साली टेक्सासमध्ये नियम आला, की एका माणसाने दिवसाला एकच गार धरायचा. वीज सोडण्यापासून इथवर यायला सत्तरेक वर्षं लागली.

म्हणून या मालिकेबद्दल आमची एक तक्रार आहे, आणि ती पालकांनीही ऐकावी. माणूस शहाणा आहे, पण त्याच्या मागचं संगीत नाही! मासा नुसता वळला तरी ढोल बडवायचे, पाणी लालभडक दाखवायचं, नाव तर 'राक्षस' आहेच. वेड शेवटी सांगतो, की हा प्राणी भुकेला होता, नाहीतर घाबरलेला होता. पण तोवर धाकटी मंडळी पांघरुणात शिरलेली असतात. तेव्हा शेवटची पाच मिनिटं चुकवू नका. सगळा निकाल तिथेच असतो.

मालिका का संपली? वेडने मनाशी मोठमोठ्या माशांची एक यादी केली होती, ती पुरी झाली म्हणून. पण खुद्द नद्यांमधलीही यादी आखडत चालली आहे. चीनच्या यांगत्से नदीत वल्ह्यासारख्या लांबलचक नाकाचा एक मासा होता, पॅडलफिश. १९८१ मध्ये गेझौबा धरणाने नदी अडवली आणि त्याची अंडी घालायला वर जाण्याची वाट बंद झाली. मासेमारीही बेसुमार. २००३ मध्ये एक मादी जाळ्यात सापडली. शास्त्रज्ञांनी तिच्या अंगावर संदेश पाठवणारं यंत्र बसवून तिला सोडलं, आणि थोड्याच वेळात तिचा माग हरवला. त्यानंतर तो मासा कुणालाच दिसला नाही. २०२२ मध्ये त्याची जात नामशेष झाल्याचं जाहीर झालं.

त्याच वर्षी जून महिन्यात कंबोडियात मेकाँग नदीवर एका कोळ्याच्या गळाला एक प्रचंड पाकट लागली. होय, गोड्या पाण्यातली पाकट! वजन ३०० किलो, लांबी जवळजवळ चार मीटर. आजवर नोंद झालेल्या गोड्या पाण्यातल्या माशांत सर्वांत मोठी. कोळ्याने ती कापून विकली नाही. त्याने तिथे काम करणाऱ्या शास्त्रज्ञांना कळवलं, त्यांनी त्याला बाजारभावाने पैसे दिले, आणि डझनभर माणसांनी मिळून तिला काठाशी ओढून मोजलं. तिच्या अंगावरही एक यंत्र बसवलं. मग तिला सोडलं तेव्हा चंद्र क्षितिजावर होता, आणि तिचं अंगही तसंच गोल गरगरीत. म्हणून तिचं नाव ठेवलं बोरामी. तिथल्या ख्मेर भाषेत त्याचा अर्थ पौर्णिमेचा चंद्र.