लॅपटॉप उघडणार कोण?

महिला संघटनांच्या कार्यालयांत एक वाक्य हमखास ऐकू येतं : "लॅपटॉप फार हळू चालतोय, कुणाला तरी दाखवायला हवा." हा 'कुणीतरी' बहुतेक वेळा पुरुष असतो. एखादीचा मुलगा, एखादीचा भाऊ, नाहीतर नाक्यावरचा दुरुस्तीवाला. तो येतो, दहा मिनिटं खटपट करतो, काय केलं ते सांगत नाही आणि "आता कशाला हात लावू नका" अशी ताकीद देऊन जातो. महिन्याभरात यंत्र पुन्हा रांगायला लागतं. त्या मुलाचा हेतू वाईट असतो असं नाही. पण यंत्राचं ज्ञान कुणाच्या हाती राहतं, हा प्रश्न उरतोच, आणि तो आपल्या चळवळीचा प्रश्न आहे.

सल्ला केंद्राच्या लॅपटॉपमध्ये काय असतं ते आठवा. मार खाऊन आलेल्या बाईचं निवेदन, दवाखान्याचे कागद, जखमांचे फोटो, ती सध्या जिथे लपून राहते तो पत्ता. बलात्कार झालेल्या स्त्रीची ओळख प्रसिद्ध करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ प्रमाणे गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पूर्वी दंड विधानाचं कलम २२८-अ हेच सांगत होतं. जी ओळख जपावी म्हणून चळवळ इतकी वर्षं बोलत आली, तीच आपण पासवर्डच्या चिठ्ठीसकट चार दिवस दुकानाच्या फळीवर ठेवून येतो. त्या बाईला आपण हे विचारलेलं असतं का?

"आपल्याला मशिनमधलं काय कळतं?" असं म्हणणाऱ्या मैत्रिणींना एवढंच विचारावंसं वाटतं, की शिवणयंत्राचा दोरा सारखा तुटायला लागला तर तुम्ही कुणाला बोलावता? सुई तपासता, बॉबिन काढून बघता, तेल घालता. उत्तर प्रदेशातल्या बांदा जिल्ह्यात महिला समाख्या कार्यक्रमातून गावातल्या, फारशा न शिकलेल्या बायका १९९० च्या दशकात हातपंप दुरुस्त करायला शिकल्या. पंप खोलणारी बाई लोकांनी तोवर पाहिलेली नव्हती, एवढंच. लॅपटॉपचंही तसंच आहे.

सुरुवात निदानापासून करायची. विंडोज असलेल्या लॅपटॉपवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबली की 'टास्क मॅनेजर' उघडतो. प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांवर किती भार आहे ते तिथे टक्क्यांत दिसतं. यंत्र सुरू करून पाच-दहा मिनिटं जाऊ द्या आणि मग आकडे वाचा. मेमरी सतत नव्वदच्या वर असेल तर यंत्राला एका वेळी पेलवत नाही इतकं काम उघडं आहे. ब्राऊझरच्या वीस-वीस खिडक्या हे त्याचं नेहमीचं कारण. डिस्क शंभरावर अडकलेली असेल तर दुखणं डिस्कमध्ये शोधायचं. तिथेच 'स्टार्टअप'चा भाग आहे. यंत्र सुरू होताच आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम त्यात दिसतात. नको असतील ते बंद करा, पण अँटीव्हायरस बंद करू नका. मात्र दोन अँटीव्हायरस एकत्र चालू असतील तर एक काढून टाका. ते एकमेकांच्या पायात येतात.

मग सी ड्राइव्ह पाहा. तो काठोकाठ भरला की यंत्राला वावरायला जागा उरत नाही. मोर्चांचे, शिबिरांचे व्हिडिओ बाहेरच्या डिस्कवर हलवा. बूड तापत असेल आणि पंखा घरघरत असेल तर आत धूळ साठलेली असते. प्रोसेसर फार तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो. गादीवर किंवा उशीवर ठेवलेल्या लॅपटॉपला खालून हवा मिळत नाही, हेही लक्षात असू द्या.

यंत्र जुनं असेल तर आत फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी बसवली तर बऱ्याच जुन्या लॅपटॉपना नवं आयुष्य मिळतं, आणि खर्च नव्या यंत्राच्या मानाने फार थोडा येतो. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि देणगीत आलेल्या बऱ्याच जुन्या यंत्रांवर विंडोज ११ रीतसर चालत नाही. तरी ती भंगारात घालण्याआधी लिनक्स घालून पाहा. ते फुकट मिळतं आणि त्यावर मराठी टंकलेखन उत्तम होतं.

दुकानात जावंच लागलं तर तीन गोष्टी पाळा. आधी सगळ्या कागदांची प्रत बाहेरच्या डिस्कवर घ्या. शक्य असेल तर यंत्रातली डिस्क काढून ठेवा, नाहीतर दुरुस्ती होईपर्यंत दोघींनी तिथेच बसा. आणि लॅपटॉपवर डिस्क कुलूपबंद करण्याची सोय असेल तर ती आधीपासून वापरा. तिची किल्ली म्हणजे तो लांबलचक आकडा मात्र कागदावर लिहून कपाटात ठेवा. तो हरवला तर आपलेच कागद आपल्याला मिळणार नाहीत.

केंद्रात येणारी एखादी बाई म्हणते, "माझा लॅपटॉप हळू झालाय, नवऱ्याने काही टाकलं असेल का?" यंत्र हळू झालं एवढ्यावरून पाळत सिद्ध होत नाही. पण तिची शंका हसण्यावारीही नेऊ नका. घाईने काही पुसू नका. पुरावा जाईल, आणि त्याला सुगावा लागून तिच्या जिवावर बेतेल. आधी तिच्या सुरक्षिततेचं ठरवा. तोवर तिने केंद्राशी दुसऱ्याच्या फोनवरून बोलावं.

प्रकल्पाच्या अर्जात नव्या यंत्रासाठी आपण रक्कम मागतो, दुरुस्तीसाठी आणि शिकण्यासाठीही मागू या. प्रत्येक संघटनेत निदान दोघींनी हे काम शिकावं. एकटीवर भार पडता कामा नये, आणि ती गेली म्हणून ज्ञानही जाता कामा नये. शिकलेलीने न बोलता दुरुस्त करून देऊ नये. शेजारी बसवून दुसरीच्या हातून करून घ्यावं. नाहीतर "हात लावू नका" म्हणणारा जाईल आणि "हात लावू नका" म्हणणारी येईल.