अहमदीला पाऊस पडतो का?

श्रावणात उरवड्याला मावशीकडे गेलो, तो घरात लगीनघाई! धाकटा वेल्डर होऊन कुवेतला, अहमदीला निघालेला.

"तिथं पाऊस कितीसा रे पडतो?" मावशीने विचारले. बाहेर भातखाचरे तुडुंब भरलेली. काय सांगावे? बुरगानला १९३८ साली तेल लागले, १९४६ मध्ये पहिले जहाज भरले आणि तेलकंपनीने ओसाड वाळवंटात अहमदी वसवले. तेल उदंड, पण कुवेतला पिण्याचे पाणी येई ते शत्त-अल-अरबहून, गलबतांतून! समुद्राचे पाणी गोड करणारा सरकारी कारखाना निघाला १९५३ साली.

चिरंजिवांना पगाराचा आकडा तोंडपाठ; करारपत्र मात्र वाचलेलेच नाही. वर एजंटाच्या पैशांसाठी खाचर विकायचे घाटत होते. तिथे मात्र मी रागावलो. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत घेतले, तेव्हा लाखाहून अधिक भारतीयांना अम्मानमार्गे विमानांनी मुंबईला आणावे लागले. बरेचजण अंगावरच्या कपड्यांनिशी उतरले. घरी खाचर होते, त्यांचे त्यातल्या त्यात बरे.

"जा बाबा, खुशाल जा," मी म्हटले, "पण करार वाचून सही कर, अन् खाचर राहू दे."

तो गप्प. मावशीने बरणीचे झाकण घट्ट केले.

"विमानात लोणचं नेऊ देतात ना रे?"