लहान विमानांचे अपघात आणि ‘संभाव्य कारणा’पलीकडचे प्रश्न

अमेरिकेतील हौशी वैमानिकांसाठी २२ ऑक्टोबर २०२५ रोजी एक मोठे दार उघडले. फेडरल एव्हिएशन ॲडमिनिस्ट्रेशन म्हणजेच एफएएने त्या वर्षीच्या जुलैमध्ये जाहीर केलेल्या ‘मोझेक’ नियमावलीचा पहिला भाग त्या दिवशी लागू झाला. तोवर ‘स्पोर्ट पायलट’ परवानाधारकाला दोन आसनांची आणि साधारण ६०० किलो वजनमर्यादेतील विमानेच चालवता येत असत. आता वजनाची ती अट गेली असून सेसना १७२सारखे चार आसनांचे विमानही त्याला चालवता येते. सोबत प्रवासी मात्र एकच. दिवसाच्या उड्डाणासाठी स्वतंत्र वैद्यकीय प्रमाणपत्र लागत नाही, मोटार चालवण्याचा परवाना पुरतो. किमान प्रशिक्षण २० तासांचे आहे. खासगी वैमानिकाच्या नेहमीच्या परवान्यासाठी ते ४० तासांचे असते. विमानांच्या प्रमाणीकरणाविषयीच्या दुसऱ्या भागासाठी २४ जुलै २०२६ ही तारीख ठरवण्यात आली आहे.

हा निर्णय बेफिकिरीने घेतलेला नाही. २००४मध्ये सुरू झालेल्या ‘लाइट स्पोर्ट’ वर्गातील विमानांची सुरक्षाविषयक कामगिरी समाधानकारक आहे, हा एफएएच्या युक्तिवादाचा मुख्य आधार होता. म्हणजे नियम सैल झाले ते अपघातांच्या नोंदींच्या बळावर. मग त्या नोंदी कशा तयार होतात आणि त्यांवर कितपत विसंबावे, हा प्रश्न केवळ तज्ज्ञांचा राहत नाही. सुट्टीच्या दिवशी फ्लाइंग क्लबात जाणाऱ्या, किंवा मित्राच्या विमानात शेजारच्या आसनावर बसणाऱ्या प्रत्येकाचा तो प्रश्न आहे.

अमेरिकेतील बहुसंख्य नागरी विमान अपघात ‘जनरल एव्हिएशन’ या वर्गात होतात. त्यांची वार्षिक संख्या हजाराहून अधिक असते. प्रवासी विमान पडले तर जगभर बातमी होते. चार आसनांचे विमान पडले तर स्थानिक वाहिनीवर दीड मिनिटाचे वृत्त येते आणि दुसऱ्या दिवशी विषय संपतो. नॅशनल ट्रान्सपोर्टेशन सेफ्टी बोर्ड म्हणजेच एनटीएसबीच्या दप्तरी मात्र तेव्हा विषय नुकताच सुरू झालेला असतो. प्राथमिक अहवाल साधारणतः महिनाभरात येतो. अंतिम अहवालाला वर्ष-दोन वर्षे लागतात.

लहान विमानांत बहुधा ब्लॅक बॉक्स नसतो. त्यामुळे अवशेषांनाच बोलते करावे लागते. नाक, शेपूट आणि पंखांची दोन्ही टोके एकाच ठिकाणी सापडली, तर विमान हवेत तुटले नव्हते असे मानता येते. प्रोपेलरच्या पात्यांना पडलेला पीळ आणि त्यांवरचे ओरखडे, जमिनीवर आदळताना इंजिन शक्ती देत होते की नाही, हे सांगतात. इशारादर्शक दिव्यातील तार ताणली गेली असेल, तर आघाताच्या क्षणी तो दिवा पेटलेला होता. नियंत्रणाच्या तारा टोकापासून टोकापर्यंत तपासल्या जातात. वैमानिकाच्या शरीरातील नमुने ओक्लाहोमा सिटीतील एफएएच्या प्रयोगशाळेत जातात. जानेवारी २०२०पासून गजबजलेल्या हवाई क्षेत्रांत एडीएस-बी हे स्थानप्रक्षेपक यंत्र सक्तीचे झाले. त्यामुळे मार्ग, उंची आणि वेग यांचा माग आता अधिक नेमका लागतो. वैमानिकाच्या मनात काय चालले होते, ते मात्र कोणतेही यंत्र नोंदवत नाही.

जॉन एफ. केनेडी ज्युनियर यांच्या अपघातातून ही मर्यादा ठळकपणे दिसते. १६ जुलै १९९९च्या रात्री ते न्यू जर्सीतील फेअरफिल्डजवळच्या एसेक्स काउंटी विमानतळावरून पायपर साराटोगा विमान घेऊन निघाले. सोबत पत्नी आणि मेहुणी होत्या. मार्थाज व्हिनयार्डजवळ विमान समुद्रात कोसळले. तिघेही मृत्यू पावले. केनेडींच्या गाठी सुमारे ३१० तासांचा अनुभव होता, पण केवळ उपकरणांच्या आधारे उडण्याची अर्हता नव्हती. तिचे प्रशिक्षण चालू होते. विमानात बिघाड आढळला नाही. रात्री पाण्यावरून खाली येताना दिशाभ्रम होऊन विमानावरील ताबा सुटला, हे संभाव्य कारण ठरले. अंधारी रात्र आणि धूसर हवा हे साहाय्यक घटक होते.

‘वैमानिकाची चूक’ असे म्हणून येथे थांबता आले असते. पण ते उड्डाण नियमांत बसणारे होते. क्षितिज दिसेनासे झाले की आतल्या कानाला वळण आणि सरळ उड्डाण यांतला फरक कळत नाही, आणि शरीराची ती खोटी साक्ष खरी वाटते. इलिनॉय विद्यापीठात १९५४मध्ये, उपकरणांच्या आधारे उडण्याचे प्रशिक्षण नसलेल्या २० जणांवर प्रयोग झाला. बाहेरचे दृश्य झाकल्यावर सर्वांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. त्याच लोकांना थोडे नेमके प्रशिक्षण दिल्यावर मात्र बहुतेक सर्व प्रयत्न यशस्वी झाले. आज खासगी परवान्यासाठी उपकरणांच्या आधारे तीन तासांचे उड्डाण बंधनकारक आहे. माणूस चुकला, हे उत्तर म्हणून अपुरे असते. कोणत्या परिस्थितीत कोणीही चुकला असता, हे विचारले की त्यातून उपाय निघतो.

एकेकटी फाइल तोकडी असली, तरी शेकडो फाइली एकत्र वाचल्या की वेगळेच चित्र दिसते. एनटीएसबीच्या २०१० सालच्या अभ्यासात असे आढळले, की संगणकीय पडद्यांचा ‘ग्लास कॉकपिट’ असलेल्या लहान विमानांत एकूण अपघातांचे प्रमाण कमी होते, पण प्राणघातक अपघातांचे प्रमाण जुन्या गोल डायलच्या विमानांपेक्षा जास्त होते. मंडळाने त्यावर त्या-त्या यंत्रणेनुरूप प्रशिक्षणाचा आग्रह धरला. सिरस विमानांची कथाही अशीच आहे. संपूर्ण विमानाला तोलणारे पॅराशूट त्यांत सुरुवातीपासून होते. पण ते वेळेवर वापरण्याची सवय प्रशिक्षणातून रुजली, तेव्हाच प्राणघातक अपघात लक्षणीय घटले. नवी यंत्रणा आणली की सुरक्षितता आपोआप वाढते, हा समज तंत्रज्ञान क्षेत्रातील आपल्यापैकी अनेकांनी एकदा तपासून पाहावा.

अशा नोंदी विश्वासार्ह राहण्यासाठी तपास करणारी संस्था स्वतंत्र हवी. १९६७मध्ये स्थापन झालेली एनटीएसबी प्रारंभी परिवहन खात्याच्या छत्राखाली होती. १९७४च्या कायद्याने ती १९७५पासून पूर्ण वेगळी झाली. नियम करणाऱ्यानेच नियमांतील उणिवा शोधू नयेत, हे त्यामागचे तत्त्व. मंडळाचा निष्कर्ष नुकसानभरपाईच्या दाव्यात पुरावा म्हणून वापरता येत नाही, त्यामुळे दोषी ठरवण्याच्या दबावापासून तपास काहीसा मोकळा राहतो. तरीही लहान अपघातांत घटनास्थळाची पाहणी अनेकदा एफएएचेच निरीक्षक करतात, आणि मंडळ त्या आधारे कारण ठरवते. शिवाय मंडळाला केवळ शिफारशीचा अधिकार आहे. सदस्याला अकार्यक्षमता, कर्तव्यच्युती किंवा गैरवर्तन या कारणांसाठीच दूर करता येईल, असे कायदा सांगतो. मे २०२५मध्ये उपाध्यक्ष अल्विन ब्राउन यांना पदावरून दूर करण्यात आले, तेव्हा या तरतुदीकडे लक्ष वेधले गेले ते यामुळेच.

भारताशी तुलना उद्बोधक ठरेल. २८ जून २०१८ रोजी मुंबईत घाटकोपरला दुरुस्तीनंतरच्या चाचणी उड्डाणात किंग एअर सी-९० कोसळले. विमानातील चौघे आणि रस्त्यावरचा एक पादचारी मृत्यू पावले. तपास विमान अपघात अन्वेषण विभागाकडे, म्हणजे एएआयबीकडे होता. हा विभाग २०१२मध्ये स्थापन झाला; तोवर ते काम प्रामुख्याने नियामक असलेल्या डीजीसीएकडेच असे. पण एएआयबीही नागरी विमान वाहतूक मंत्रालयाशीच संलग्न आहे. अमेरिकेने पन्नास वर्षांपूर्वी टाकलेले पाऊल भारतात अजून टाकायचे आहे; आणि अमेरिकेलाही टाकलेल्या पावलावर ठाम राहायचे आहे.

मोझेकचा खरा निकाल पुढील काही वर्षांच्या फाइलींत लिहिला जाईल. नवे वैमानिक कोणत्या हवामानात, किती तासांच्या अनुभवावर आणि कोणत्या घाईत उडत होते, हे प्रत्येक तपासात विचारले गेले, तरच आज दिलेली सवलत योग्य होती की नाही ते कळेल. दरम्यान, एनटीएसबीचे अहवाल संकेतस्थळावर सर्वांना विनामूल्य उपलब्ध आहेत. उडायला शिकणाऱ्याने आपल्या विमानाच्या नमुन्याचे दहा अहवाल वाचावेत. वीस तास ही कायद्याची किमान अट आहे. आपल्याला किती तास हवेत, ते ठरवायला त्या वाचनाची मदत होईल.