कमलाताई होस्पेट यांचे ऋण : कुही तालुक्यातील नागरिकांस जाहीर आवाहन



ज्या काळी बाळंतपण ही घरातील सर्वांत अंधाऱ्या खोलीत, शेगडीच्या धुरात आणि दैवाच्या भरवशावर उरकावयाची गोष्ट मानली जात असे, विळ्याने नाळ कापल्यामुळे धनुर्वात होऊन दगावलेले अर्भक बाहेरच्या बाधेने गेले असे समजून पुरले जात असे, आणि सुईणीचे काम विटाळाचे म्हणून हलके गणले जात असे, त्या काळी बालवयातच वैधव्य आलेल्या एका तरुणीने लोकापवादाची तमा न बाळगता नागपूरच्या डफरीन इस्पितळात त्याच कामाचे शास्त्रशुद्ध शिक्षण घेतले आणि १९२१ साली वेणूताई नेने यांच्या साहचर्याने चार खाटांचे सूतिकागृह उघडले. त्या तरुणीचे नाव कमलाताई होस्पेट. आणि त्या चार खाटांतूनच विदर्भभर शाखा पसरलेला मातृ सेवा संघ उभा राहिला.

१९६१ साली पद्मश्री आणि १९८० साली जमनालाल बजाज पुरस्कार देऊन देशाने त्यांचा गौरव केला. १९८१ साली त्या निवर्तल्या. परंतु मला त्यांचे खरे मोठेपण या सन्मानांहून निराळ्या ठिकाणी दिसते. साबणाने कोपरापर्यंत धुतलेले हात, उकळत्या पाण्यातून काढलेली कात्री आणि नाळेला बांधलेला स्वच्छ दोरा या तीन साध्या गोष्टींत किती जीव वाचविण्याचे सामर्थ्य आहे, हे त्यांनी आपल्या समाजाला आयुष्यभर कृतीने दाखविले.

नागपूरच्या या कार्याशी आपल्या तालुक्याचा संबंध काय, असे कोणी विचारील. अडलेल्या बाईला बंडीत घालून कच्च्या रस्त्याने नेण्यावाचून गत्यंतर नव्हते, तेव्हा कुही, मांढळ, वेलतूरच्या पंचक्रोशीतील कित्येक कुटुंबांचा वंश गावच्या सुईणींच्या आणि पुढे सरकारी परिचारिकांच्या हातांनीच राखला. कमलाताईंनी ज्या कामाला प्रतिष्ठा दिली तेच काम या स्त्रियांनी आपल्या दारी केले, आणि त्यांचे नाव मात्र कोणी लिहून ठेवले नाही. गोसीखुर्द धरणाच्या पाण्याखाली आपली जी गावे गेली त्यांच्या जमिनींची मोजणी झाली, मोबदल्याचे कागद रंगले. परंतु त्या गावांतील कोणत्या घरात कोणाच्या हातून कोण जन्मास आले, याची नोंद कोणत्याही तलाठ्याच्या दप्तरात सापडणार नाही. पुनर्वसित वसाहतींत आज ज्या थोड्या वृद्ध सुईणी हयात आहेत, त्यांच्याबरोबर ही सारी हकिकत नाहीशी होईल, ही चिंता मला स्वस्थ बसू देत नाही.

म्हणून विनंती अशी की, आपल्या घरी अथवा शेजारी अशी सुईण, निवृत्त परिचारिका किंवा अंगणवाडी सेविका असेल, तर घरातील शिकत्या मुलामुलींनी तिच्याजवळ बसून तिची हकिकत तिच्याच शब्दांत, तिच्या संमतीने, वहीत उतरवून घ्यावी. तिची भाषा शुद्ध करण्याच्या भानगडीत पडू नये. बोलण्यात 'मी' ऐवजी 'म्या' आले तर तसेच लिहावे. ती वही गावच्या शाळेत जपून ठेवण्याची तजवीज शिक्षकांनी आणि ग्रामपंचायतीने मिळून करावी. सत्काराच्या निमित्ताने फलक लावण्यावर पैसा खर्च करण्याऐवजी तो त्या वृद्धेच्या औषधपाण्यास द्यावा, हे बरे.

जुन्या बाळंतपणांची हकिकत जपताना आजच्या गर्भवतींचीही काळजी घ्यावयास हवी, म्हणून दुसरी विनंती मिरचीच्या सातऱ्यांच्या मालकांस आहे, आणि ती मी अधिक आग्रहाने करीत आहे. या सातऱ्यांत दिवसभर ठसक्यात बसून मिरचीचे देठ तोडणाऱ्या भगिनींना किलोच्या हिशेबाने मजुरी मिळत असल्यामुळे, गर्भारपणातील तपासणीचा दिवस म्हणजे बुडालेल्या मजुरीचा दिवस ठरतो आणि तपासणीच टळते. अशा प्रत्येक भगिनीस तपासणीच्या दिवशी तिच्या रोजच्या सरासरीइतकी मजुरी देऊन रजा द्यावी. हा खर्च कोणत्याही सातऱ्यास जड जाण्याजोगा नाही. जे मालक यास तयार असतील त्यांनी तसा कागद येत्या हंगामापूर्वी आपल्या सातऱ्याच्या दारावर लावावा, म्हणजे कामावर येणाऱ्या प्रत्येकीस तो वाचता येईल, आणि जिला वाचता येत नाही तिला मुकादमाने वाचून दाखवावा.