जुनी टपालपेटी बंद करताना

घराघरात आज एकेका माणसाचे दोन-दोन, तीन-तीन ईमेल पत्ते झाले आहेत. एक दहावीच्या वेळी सायबर कॅफेवाल्याने काढून दिलेला, दुसरा नोकरीच्या अर्जासाठी, तिसरा नव्या मोबाईलबरोबर दुकानदाराने उघडलेला. जुन्या पत्त्यावर जाहिरातींचा ढीग साचतो. काहींच्या पत्त्याचे नाव असे, की मुलाखतीत सांगायला लाज वाटावी. मग मुले म्हणतात, "टाकू काढून!" संध्याकाळी अर्ज भरायला आमच्याकडे येणाऱ्या मुलामुलींच्या तोंडून आम्ही हे नेहमी ऐकतो. म्हणून या वेळी हाच विषय घेतला आहे.

बंधु-भगिनींनो, ईमेलचा पत्ता दोन कामे करतो. तो टपालपेटी आहे आणि किल्लीसुद्धा आहे. बहुतेकांचा पत्ता जीमेलचा. त्याच पत्त्याने गूगल फोटोजमधले आजीचे फोटो, ड्राईव्हमध्ये ठेवलेली जातीच्या दाखल्याची प्रत, यूट्यूब, प्ले स्टोअर आणि मोबाईलमधले नंबर उघडतात. पेटी काढायला हरकत नाही. किल्ली मात्र जाता कामा नये.

गूगलच्या खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी' या भागात दोन वेगळ्या सोयी आहेत. एक, संपूर्ण खाते काढणे. तसे केले तर पत्रे, फोटो, कागदपत्रे सगळेच जाते. दुसरी, खात्यातली एखादीच सेवा काढणे. तेथे फक्त जीमेल निवडले तर पत्रे आणि पत्ता जातो, बाकीचे राहते. नावे सारखी वाटतात, म्हणून पुन्हा पुन्हा वाचूनच बोट ठेवावे.

परंतु त्याआधी तीन कामे करावीत.

पहिले काम, नकला घेणे. गूगलच्या 'टेकआऊट' या सोयीने सगळी पत्रे उतरवून घेता येतात. पण ती एमबॉक्स नावाच्या फाईलमध्ये येतात आणि ती फाईल मोबाईलवर सहजासहजी उघडत नाही. म्हणून नेमणुकीचे पत्र, फीची पावती, हॉल तिकीट असे महत्त्वाचे कागद वेगळे पीडीएफ करून ठेवावेत.

दुसरे काम सर्वांत मोठे. हा पत्ता कोठे कोठे दिला आहे त्याची वहीत यादी करावी. बँक, शिष्यवृत्तीचे महाडीबीटी पोर्टल, लोकसेवा आयोगाचा अर्ज, आयकर, विमा. प्रत्येक ठिकाणी आधी नवा पत्ता नोंदवावा. ओटीपी जुन्या पत्त्यावर गेला आणि पेटीच नसली, तर वर्षभराची शिष्यवृत्ती अडकू शकते.

तिसरे काम, दुसरा पत्ता तयार ठेवणे. जीमेल काढताना गूगल तो मागते आणि तो जीमेलचा चालत नाही. रेडिफमेल, याहू, आऊटलूक असा लागतो. त्यावर एक लिंक येते. ती उघडून मान्यता दिल्याशिवाय जीमेल बंद होत नाही. पुढे त्याच पत्त्याने फोटो, ड्राईव्ह, यूट्यूब उघडते. गेलेला जीमेल पत्ता गूगल दुसऱ्या कोणाला देत नाही, म्हणजे आपल्या नावावर परका माणूस बसत नाही.

आता एक सवाल विचारावासा वाटतो. पेटी बंद करायची गरज खरोखर आहे का? पासवर्ड दुसऱ्याला ठाऊक असेल तर तो आजच बदलावा आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करावे. जागा भरली असेल तर जुनी पत्रे काढावीत. गूगलची मोफत १५ जीबी जागा पत्रे, फोटो आणि ड्राईव्ह मिळून आहे. मात्र खाते नुसते पडूनही ठेवू नये. दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकण्याचे धोरण गूगलने मे २०२३ मध्ये जाहीर केले आहे. अधूनमधून खाते उघडत जावे.

तरुण मुलांना एवढेच सांगणे, की आई-वडिलांच्या मोबाईलमधले खाते परस्पर काढू नका. आधी त्यांना जवळ बसवा, त्यात काय काय आहे ते दाखवा, यादी त्यांच्यासमोर करा. नवा पत्ता आणि पासवर्ड त्यांच्याच वहीत, त्यांच्याच हाताने लिहून घ्या आणि ती वही घरातल्या कागदपत्रांबरोबर जपून ठेवा.